तुम्ही फिरवा, मी थांबा म्हणेन

आदरणीय डॉक्टरताई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

वयाने तुम्ही माझ्या धाकट्या लेकीहून लहान आहात. त्यामुळे मायन्यात ‘चिरंजीव’ घालावे की ‘आदरणीय’, यावर आमच्या घरी दोन दिवस खल झाला. ज्यांच्यामुळे घरातले माणूस रात्री झोपायला लागले त्यांना आदरणीयच म्हणायचे, असा निकाल शेवटी आमच्या सौ.नी दिला. तुमचे नाव या पत्रात येणार नाही. तसे तुम्ही मला बजावले होते. राजारामपुरीतल्या त्या अरुंद जिन्यावरून ज्यांची ये-जा आहे ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

मी गुळाच्या अडत दुकानात ३९ वर्षे दिवाणजी होतो, आधी शाहूपुरीत आणि पुढे मार्केट यार्डात. सौद्याच्या वेळी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, खडा जिभेवर ठेवून प्रत सांगणे हे माझे काम नव्हते, तरी मी ते हौसेने करत असे. मधुमेह झाला तेव्हा सगळ्यांनी त्या खड्यांनाच आरोपी केले. (माझ्या वडिलांनाही मधुमेह होता आणि त्यांनी उभा जन्म कापडाच्या दुकानात काढला, हे कोणी ध्यानात घेत नाही.) गेल्या तीन वर्षांपासून तळपायांची आग सुरू झाली. दिवसा माणसांत ती कशीबशी सोसवत असे. रात्री दिवा मालवला की पाय चुलीच्या वैलावर ठेवल्यासारखे होत आणि पांघरुणाचा काठ अंगठ्याला लागला तरी कळ मांडीपर्यंत जाई. आणि विचित्र असे की, ज्या पायाला चादर सोसत नव्हती त्याच पायातून चप्पल निसटली तर मला पत्ता लागत नसे. एकदा महाद्वार रोडवरून भवानी मंडपापर्यंत मी एका पायात कापशी चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असा चालत गेलो. फुगे विकणाऱ्या एका पोराने सांगितले तेव्हा कळले.

तुमच्याकडे येण्यापूर्वी ज्यांच्या दारी गेलो त्यांची नावे मी लिहिणार नाही, पण वर्तन लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकाने माझ्या तीन भेटींत टेबलाखाली एकदाही वाकून पाहिले नाही; रिपोर्टवरची साखर वाचायची, गोळी वाढवायची आणि घंटी वाजवायची. दुसऱ्याने ‘आता वयोमानानुसार चालायचंच’ असे सांगून फीची पावती फाडली. तिसरा तर डॉक्टरही नव्हता. एका मंगल कार्यालयात भरलेल्या प्रदर्शनात त्याने मला पायाला करंट देणारे मशीन विकले. त्याने शिरा मोकळ्या होतात, साखर उतरते आणि गोळ्या सुटतात, असे तो माईकवरून सांगत होता. पट्ट्या तळपायाला लावा आणि जाणवेपर्यंत बटण फिरवत न्या, इतकीच त्याची शिकवण. माझे तळपाय बधिर; जाणवणार काय? मी बटण शेवटापर्यंत नेले. सकाळी सौ.नी पाहिले तर टाचेच्या वर कातडी भाजून शेंगदाण्याएवढा फोड आला होता. तक्रार करायला फोन केला तर म्हणाला, ‘तुमच्या नसांतच जीव नाही, आमच्या मशीनचा काय दोष?’ त्या एका वाक्याने मला जेवढे खचवले तेवढे दुखण्यानेही खचवले नव्हते.

तो फोड सुकल्यावर भाच्याने मला ओढतच तुमच्याकडे आणले. तुम्ही आधी चपला काढायला लावल्या, खालच्या स्टुलावर बसलात आणि माझा पाय चक्क मांडीवर घेतलात. मी संकोचाने मागे ओढू लागलो तर तुम्ही सोडला नाहीत. मग डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या दोऱ्याचे टोक बोटांना लावत ‘लागतंय काय?’ असे विचारत गेलात. लाजेपोटी मी प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणालो. शेवटी तुम्ही हसून म्हणालात, ‘काका, गेल्या तीन वेळी मी काही लावलंच नव्हतं.’ खोटी जमा धरणाऱ्या दिवाणजीला असे शांतपणे पकडणारे माणूस मला ३९ वर्षांत पेठेत भेटले नाही.

परंतु हे पत्र लिहिण्याचे कारण त्याच्या पुढचे आहे. तुम्ही कपाटातून ते टेन्सचे, म्हणजे कातडीवर पट्ट्या लावून हलक्या विजेने वेदना शमवणारे, छोटे यंत्र काढलेत आणि ते पाहताच माझे हात थरथरू लागले, सौ. तर खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या, कारण त्यांचा चुलतभाऊ उसाच्या रानात मोटरीच्या स्टार्टरला चिकटून गेला होता आणि ‘करंट’ हा शब्द आमच्या घरात हळू आवाजातच उच्चारला जातो. आम्ही का बिचकलो हे तुम्ही विचारले नाहीत. बांगडी वर सारून स्वतःच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, तुम्ही दोन पट्ट्या चिकटवल्यात आणि यंत्र माझ्या तळहातावर ठेवलेत. ‘हे घ्या. तुम्ही फिरवा, मी थांबा म्हणेन.’

ताई, मी नॉब फिरवला. दोनवर आल्यावर तुम्ही म्हणालात, मुंग्या आल्या. तीनवर म्हणालात, आता जोरात आल्या, पण छान वाटतंय. मी आणखी किंचित पुढे नेला, आणि तुमची करंगळी व तिच्या शेजारचे बोट आपोआप टक्‌टक्‌ हलू लागले, गूळ तोलताना काटा थरथरतो तसे. ‘थांबा,’ तुम्ही म्हणालात. मी लगेच मागे आलो. मग सौ.नी विचारले, दुखलं काय हो? तुम्ही म्हणालात, दुखलं नाही, पण पुढं नेला असता तर दुखलं असतं, म्हणून तर थांबवलं. इतकेच घडले. त्याला दोन मिनिटेही लागली नसतील. पण जोर किती असावा, तो कसा जाणवावा आणि थांबायचे कुठे, हे तुम्ही मला स्वतःच्या हातावर शिकवलेत, आणि तेही दुसऱ्याला इजा करण्याची ताकद माझ्या हाती विश्वासाने देऊन. ज्याच्या नसांत जीव नाही असे ठरवले गेले होते, त्या माणसाच्या हाती तुम्ही तुमचा हात दिलात. त्या रात्री मला पायांमुळे नव्हे, त्या आठवणीने बराच वेळ झोप लागली नाही.

मग कळले की पट्ट्या बधिर तळव्याला लावायच्याच नव्हत्या. जिथे टोचलेले आणि बोथट यांतला फरक मला कळत होता तिथे, म्हणजे घोट्याच्या वर पोटरीकडे, तुम्ही बॉलपेनने चौकोन आखून दिलेत. हे सारे चालते कसे, हेही तुम्ही सांगितलेत: कोपर चौकटीला आपटले की आपण ते चोळतो आणि कळ उतरते, कारण स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड नसांची गर्दी झाली की मज्जारज्जूतले वेदनेचे फाटक अर्धवट लोटले जाते. मला लगेच मार्केट यार्ड आठवले. गुऱ्हाळे जोरात असतात त्या दिवसांत गुळाच्या ट्रक फाटकाशी दाटल्या की मागचा एखादा उपद्रवी टेम्पो किती का भोंगा वाजवेना, त्याला आत येता येत नाही. नातवाने पुढे वाचून दाखवले की रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ही फाटकाची कल्पना १९६५ साली मांडली, आणि १९६७ साली वॉल व विल्यम स्वीट यांनी विजेने वेदना शमवण्याचा प्रयोग रुग्णांवर केला तेव्हा तो स्वतःवरही करून पाहिला. ते ऐकून मी नातवाला म्हणालो, आमच्या डॉक्टरताईंचे घराणे हेच. (त्याहीपूर्वी, पहिल्या शतकात, स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य पाय दुखणाऱ्यांना समुद्रकाठी ओल्या वाळूत विजेच्या जिवंत माशावर उभे करत असे म्हणे. रंकाळ्यात तसा मासा नाही हे आमचे भाग्य.)

तुमच्या सचोटीचेही मोल मोठे आहे. यंत्र विकत घ्यायच्या आधी तुम्ही मला दोन्ही पारडी दाखवलीत. मधुमेहाच्या नसदुखीवर टेन्सचा उपयोग बहुधा होतो, असे २०१० साली अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने म्हटले. आणि वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्याने नसांच्या दुखण्याबाबतचा पुरावा इतका कच्चा आहे की ठाम काही सांगता येत नाही, असे म्हटले. शिवाय याने नस बरी होत नाही, साखर उतरत नाही, एकही गोळी सुटत नाही, हे तुम्ही माझ्याकडून दोनदा वदवून घेतलेत. ‘पंधरा दिवस माझं यंत्र न्या, गुण आला तरच स्वतःचं घ्या.’ मला सांगा, काटा मारून पोट भरणाऱ्यांच्या बाजारात असे कोण बोलते? तो माईकवाला आठवला की आजही माझे रक्त तापते.

बाकीच्या उपकारांची नुसती यादी केली तरी पान भरेल. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकते, तेव्हा ते तपासावे का, असे माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारणारी चिठ्ठी तुम्ही दिलीत. तपासले तर ते खरोखरच कमी निघाले. आमच्या दाजींना पेसमेकर बसवलेला आहे आणि त्यांनी गुडघ्यासाठी माझे यंत्र उसने मागितले, तेव्हा तुम्ही फोनवर इतक्या कडक आवाजात ‘अजिबात नाही’ म्हणालात की दाजी अजून तुमच्यावर रुसले आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला जायचे तर फरशी तापण्याआधी, पहाटेच जायचे आणि घरी आल्यावर तळवे आरशात पाहायचे, हा दंडकही मी पाळतो.

आता रोजचे सांगतो. जेवणानंतर अर्धा तास मी पट्ट्या लावून बसतो. आग पूर्ण गेली असे लिहिले तर ती पुन्हा खोटी जमा होईल. आठवड्यातून एखादी रात्र जुनीच उगवते आणि त्या रात्री यंत्राचाही उपाय चालत नाही. पण उरलेल्या रात्री पांघरूण पायांवर घेता येते. थंडीत पाय उघडे टाकून न झोपणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळेल. बॉलपेनचे चौकोन अंघोळीत पुसले जातात, म्हणून सौ. दर रविवारी ते नव्याने आखतात. नॉबही त्याच फिरवतात, कारण त्यांना आता भीती वाटत नाही. मी ‘थांबा’ म्हणतो आणि त्या, लग्नाला ४४ वर्षे झाल्यानंतर प्रथमच, माझे ऐकून थांबतात.

सोबत भाच्याबरोबर एक किलोचा गुळाचा रवा पाठवत आहे. तुम्ही भेट घेत नाही हे मला ठाऊक आहे, पण ही भेट नाही, काम आहे. हा माल ओळखीच्या गुऱ्हाळातला आहे. रंग पाहून मी तो चांगल्या प्रतीचा ठरवला, पण जिभेवर ठेवायची मला मनाई आहे, आणि ती तुम्हीच पक्की केलीत. तरी एक खडा चाखून प्रत कळवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त दिवाणजी
शाहूपुरी, कोल्हापूर