दंडावर जगणारी कोर्टं बंदच करा

मा. संपादक, स.न.

राज्याने कायदा करून एखादं लोकल कोर्ट बंद केलं की लगेच ओरड होते, लोकांच्या दारातला न्याय काढून घेतला म्हणून. निदान अमेरिकेतल्या मिसूरी राज्याबाबत तरी मला हे अजिबात पटत नाही.

तिथल्या सेंट लुइस काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) छोट्या छोट्या शहरांची मिळून 80 च्या आसपास म्युनिसिपल कोर्टं, म्हणजे ट्रॅफिक-पार्किंगसारख्या किरकोळ केसेसची शहराची कोर्टं होती, जज पार्टटाइम, आणि एका शहरात जज असलेला वकील दुसऱ्या शहरात सरकारी वकील, असंही चालायचं. त्यातल्या फर्ग्युसनबद्दल 2015 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जो रिपोर्ट दिला तो वाचून डोकं सुन्न होतं. शहराची लोकसंख्या 21 हजार आणि वॉरंट निघालेली माणसं 16 हजारांवर (यात बाहेरचेही असतील, पण तरी!). एका बाईने 2007 मध्ये गाडी चुकीच्या जागी लावली, दंड 151 डॉलर आणि वर फी, पैसे नव्हते म्हणून तारखा चुकल्या, प्रत्येक वेळी नवीन दंड नवीन वॉरंट, दोनदा अटक, सहा दिवस जेल, मधे तिने 25 आणि 50 डॉलर भरायला पाठवले तर कोर्टाने परत केले, पूर्णच भरा म्हणे. सात वर्षांत 550 डॉलर भरूनही 541 बाकीच!

याला न्याय म्हणायचं? ही तर वसुली झाली.

2015 मध्येच राज्याने कायदा करून शहराच्या उत्पन्नात ट्रॅफिक दंडाचा वाटा जास्तीत जास्त 20 टक्के असं ठरवलं, या काउंटीसाठी 12.5 टक्के. पण ती वेगळी मर्यादा 2017 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केली. आणि मर्यादा घालून होतं काय, पावती फाडणारे पोलीस शहराचे, जज शहराचा, पैसा पण शहराच्याच तिजोरीत, मग जजवर दबाव येणारच ना.

म्हणून ही कोर्टं बंद करून केसेस सर्किट कोर्टाकडे, म्हणजे राज्याच्या खालच्या कोर्टाकडे द्या, शहराने जज ठेवला नाही तर तिकडे केस चालायची सोय मिसूरीत आधीपासून आहेच. लांब पडेल हा मुद्दा मात्र खरा आहे, रोजंदारीवरच्या माणसाला खाडा परवडत नाही, त्यामुळे संध्याकाळची कोर्टं कायद्यातच लिहून घ्यावीत. जुन्या वॉरंटांचं काय करायचं तेही त्यातच हवं, नाहीतर कोर्ट जाईल आणि वॉरंट तशीच राहतील. आणि राज्याच्या कायद्याखालचा दंड तिथे शाळांना जातो, मग शहरांचा हा दंडही तिकडेच जाऊ दे.

आपला,
एक नियमित वाचक