काका, माझे हरवलेले ७९० मीटर सापडले

काका, नमस्कार.

समोर बोलायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चल, पळायला लाग" म्हणून विषय संपवता, आभार मानायला जागाच ठेवत नाही, म्हणून हे लिहून टाकतेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते सोलापूरच्या होम मैदानावर रोज सकाळी येणाऱ्या चार जणांना तरी कळावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या सूनबाईंना सांगून ठेवलंय, त्या तुम्हाला वाचून दाखवतील.

घड्याळाला आज १७ दिवस झाले. भिशीचा नंबर लागला तेव्हा घरात मिक्सर, कूलर, पोराची सायकल असं सगळं निघालं होतं, पण मी म्हणलं यावेळी मला माझ्यासाठी काहीतरी घ्यायचंय, आणि गार्मिनचं फोररनर १६५ हे पळणाऱ्यांसाठीचं घड्याळ मागवलं. तुम्हाला माहितीये मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशोब बघते, दिवसभर खुर्चीत, आणि एप्रिल ते जून शाळांच्या ऑर्डरी सुरू झाल्या की डबा खायला पण उठणं होत नाही. ऑक्टोबरपासून सकाळचा एक तास तेवढा धरून ठेवलाय. तो एक तास नीट मोजला जावा एवढीच इच्छा होती.

घड्याळ हातात घेतलं तर वजनच नाही, ३९ ग्रॅम. पाच बटणं, स्क्रीन एकदम झगझगीत, उन्हात पण आकडे स्वच्छ दिसतात. रात्री अकरापर्यंत मी ते मनगटावर फिरवून फिरवून बघत बसले होते. सकाळी मैदानावर आले, स्टार्ट दाबलं आणि नेहमीसारखी निघाले, आधी मैदानाच्या फेऱ्या, मग रंगभवन, सात रस्त्यापर्यंत जाऊन परत. माझा मनगटावरचा जुना फिटनेस बँड याच रस्त्याला पाच महिने रोज ५ किलोमीटर दाखवायचा. कधी ४.९८, कधी ५.०५, पण पाच. घड्याळानं दाखवलं ४.०८.

तुम्ही तेव्हा तिथं कट्ट्यावर बूट सोडत बसला होता. माझा चेहरा बघून तुम्ही विचारलंत, "काय गं पोरी, काय झालं?" आपली तोवर नुसती नमस्कारापुरती ओळख, आणि मला एकदम रडूच आलं. कारण पाच महिने मी पंढरपूरच्या बहिणीला, कारखान्यात सगळ्यांना, स्टेटसला, पाच किलोमीटर पाच किलोमीटर सांगत होते ना. मला वाटलं मी सगळ्यांशी खोटं बोलले.

काका, त्या वेळी तुम्ही हसला असता, किंवा "अगं एवढ्यानं काय होतंय" म्हणला असता ना, तर मी ते घड्याळ त्याच दिवशी परत पाठवलं असतं. तुम्ही तसं काही केलं नाही. तुम्ही फोन मागितलात, नकाशा उघडलात आणि बोटानं दाखवलंत की माझ्या पळण्याची लाल रेघ चक्क सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यात सुरू झालीय, तिथून वाकडीतिकडी होत मग मैदानावर आलीय. "हे बघ, तू याला जागा सापडायच्या आधीच पळाली. उद्या हिरवं होईस्तोवर थांब. मग ठरवू कोण खोटं ते."

दुसऱ्या दिवशी मी थांबले. आकाशाखाली, झाडापासून लांब, हात न हलवता, तुम्ही सांगितलं तसं. वरची पट्टी लाल होती ती हिरवी झाली, हातावर थर्रर्र झालं, मग निघाले. आणि तुम्ही तुमचा नेहमीचा व्यायाम सोडून माझ्या बरोबर पळायला आलात, तुमचं जुनं घड्याळ हातात घालून, माझ्या त्या संथ चालीनं, पूर्ण रस्ता. माझं ४.२१. तुमचं ४.२३. म्हणजे घड्याळ खरं होतं. खरंच ७९० मीटर कमी होते.

मग कट्ट्यावर बसून तुम्ही जे समजावलंत ते मला शाळेत कुणी असं समजावलं असतं तर मी सायन्सला घाबरले नसते. बँडमध्ये जीपीएसच, म्हणजे उपग्रहांवरून जागा ओळखायची सोयच नव्हती, तो नुसती पावलं मोजायचा आणि माझ्या उंचीवरून एका पावलाची लांबी धरून गुणाकार करायचा. मी दमले की पावलं बारीक पडतात, त्याला ते कळायचं कारणच नव्हतं, तो मोठंच पाऊल धरून चालला होता. घड्याळाचं तसं नाही. वर २०,२०० किलोमीटरवर उपग्रह फिरतायत, प्रत्येकात अणुघड्याळ, तो सारखा सांगत असतो की मी इथं आहे आणि आत्ता एवढे वाजलेत. तो सिग्नल प्रकाशाच्या वेगानं येतो तरी त्याला साधारण ०.०६७ सेकंद लागतात, त्या उशिरावरून अंतर निघतं, आणि असे कमीत कमी चार उपग्रह मिळाले की जागा पक्की होते. चौथा कशाला तर आपल्या हातातलं घड्याळ तेवढं अचूक नसतं, ती चूक काढायला. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरनं चुकते म्हणलात तेव्हा तर मी तोंडावर हात ठेवला. सगळी जिंदगी रेल्वेचं इंजिन चालवण्यात गेली तुमची, सेकंदाची किंमत तुम्हाला नाही कळणार तर कुणाला.

सेटिंगमध्ये नुसतं जीपीएस होतं ते बदलून तुम्ही सगळ्या सिस्टीम चालू करून दिल्या, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ. बॅटरी थोडी जास्त जाते पण सात रस्त्याजवळ बिल्डिंगांमधून जाताना माझी रेघ समोरच्या दुकानांत घुसायची ती आता बरीच रस्त्यावर राहते. भिंतीवर आपटून आलेला सिग्नल लांबचा रस्ता करून येतो म्हणून घड्याळ फसतं, हे पण तुमच्याकडूनच कळलं. आणि निघायच्या आधी घरीच फोनशी सिंक करून घ्यायचं, म्हणजे कोणता उपग्रह कुठं आहे हे त्याला आधीच माहिती असतं, मग हिरवं व्हायला अर्धा मिनिट पण लागत नाही. मी हे आता नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

हार्टरेटचं तर मी विसरूच शकत नाही. चौथ्या दिवशी मी घाबरून आले, सावकाश पळत होते तरी आकडा १६८, माझं वय ३९, म्हणजे २२० वजा ३९ धरलं तर जास्तीत जास्त ठोके १८१, आणि मी तर निवांत होते, मला वाटलं हृदयालाच काहीतरी झालंय. तुम्ही आधी माझ्याकडं बघितलंत, मग घड्याळाकडं, आणि विचारलंत, "कॅडेन्स किती?" मी स्क्रीन सरकवली. १६८. दोन्ही आकडे एकच! मिनिटाला पावलं पण १६८ आणि ठोके पण १६८. पट्टा ढिला होता, घड्याळ मनगटाच्या हाडावर नाचत होतं, आणि मागच्या हिरव्या लाईटला रक्ताच्या ठोक्याऐवजी हाताचे हिसके मोजता येत होते. तुम्ही मला पट्टा एक भोक घट्ट करायला लावलात, हाडापासून एक बोट वर सरकवायला लावलात, आणि परत एक फेरी मारून आल्यावर गळ्यावर दोन बोटं ठेवून मोज म्हणलात, तुम्ही हातातल्या घड्याळात १५ सेकंद धरले. ३६ ठोके. गुणिले चार, १४४. घड्याळात १४६. मला तेव्हा केवढं हायसं वाटलं ते मी सांगू शकत नाही काका, कारण आदल्या रात्री मी ईसीजी कुठं स्वस्तात होतो ते शोधत बसले होते आणि घरात कुणाला बोलले नव्हते. तुम्ही तरी पण म्हणलात, एकदा डॉक्टरांना दाखवून घे, वय चाळिशीचं आहे, त्यात लाजायचं काय. मी दाखवलं. सगळं ठीक आहे.

पेसचं, म्हणजे एक किलोमीटरला किती वेळ लागतो त्याचं पण तसंच. ८ मिनिटं ४० सेकंद दिसलं की मला लाज वाटायची. तुम्ही म्हणलात, "आमच्याकडं स्पीडोमीटरवर भरवसा नसला की किलोमीटरच्या दगडापास्नं पुढच्या दगडापर्यंत सेकंद मोजायचे. ३६०० भागिले सेकंद. ३६ सेकंद लागले तर ताशी १००. पेस म्हणजे दुसरं काय हाय?" मग मी माझा भागाकार केला, ५२० सेकंद, ताशी ६.९. तो आकडा हातानं काढल्यावर त्याची भीती गेली, का ते मला नीट सांगता येत नाही, पण हिशोब बघणाऱ्या माणसाला स्वतः काढलेला आकडा आपला वाटतो. तेव्हापासून पुढं कुणी गेलं की मी मागं लागत नाही. कानात तुमचं "निधान, निधान" चालू असतं. (बाहेरगावच्यांसाठी सांगते, निधान म्हणजे कन्नडमध्ये सावकाश, आमच्या सोलापुरात मराठी बोलता बोलता कानडी येतंच.)

आता मार्च संपत आलाय, साडेसातला ऊन लागायला लागलंय, त्याच पेसला ठोके आठ-दहानं जास्त दिसतात. आधी मी परत घाबरले असते. पण तुम्ही आधीच सांगून ठेवलंत की शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडं जातं, म्हणून हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात, मे महिन्यात ४२-४३ झालं की आकडे अजून वाईट दिसतील, तेव्हा साडेपाचला यायचं आणि पेस झाकून ठेवायचा.

घड्याळाचं बाकी माझं मत विचारलंत म्हणून लिहिते. टच पळताना बंद ठेवलाय, घामाच्या बोटानं आणि ओढणी लागून काहीतरी भलतंच उघडायचं, बटणं झकास आहेत. दर किलोमीटरला हातावर थरथरतं ते मला सगळ्यात आवडतं, बघावं लागत नाही. चार्ज आठव्या दिवशी केलं. एचआरव्हीचं, म्हणजे दोन ठोक्यांमधली वेळ किती कमीजास्त होते त्याचं म्हणाल तर त्याला तीन आठवडे रोज रात्री घालून झोपावं लागतं, ते अजून भरले नाहीत, आणि सोलापूरच्या रात्रीत पट्ट्याखाली खाजतं, पण पळून आल्यावर साध्या पाण्यानं धुवून पुसून घालायचं हे तुमचं ऐकल्यापासून पुरळ गेलंय. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्याचा आकडा, तुम्ही बघू नको म्हणलात, मी बघत नाही. म्हणजे एकदा बघितला.

आता परवाचं. परवा मी तुम्हाला सांगितलं नव्हतं पण घरातूनच ठरवून आले होते. नेहमीचा रस्ता झाला, मैदानाशी परत आले, ४.२१ च्या आसपास रोज संपतं तिथं थांबले नाही. किल्ल्याच्या तटाच्या कडेनं पुढं गेले. पाय जड झाले होते, पिंडरी ओढत होती, घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी ४.५० ला बघितलं, ४.७० ला बघितलं. हुतात्मा बागेच्या अलीकडं तुम्ही समोरून चालत येत होता. तुम्हाला काय कळलं कोण जाणे, तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबलात, माझ्या हाताकडं बघितलंत, काही बोलला नाहीत. आणि थरथरलं. पाचव्यांदा. ५.००. ४३ मिनिटं २६ सेकंद. तुम्ही उजवा हात सरळ धरलात, स्टेशनातून गाडी जाताना ऑल राईट दाखवतात ना, तसा, आणि मी पुढं जाईपर्यंत खाली घेतला नाहीत.

मी त्या दिवशी बहिणीला फोन केला. तिला सगळं सांगितलं, आधीचे चार पॉइंट दोन होते, आजचे पाच आहेत. ती म्हणाली मग काय झालं, पाच महिने उठत तर होतीस ना पहाटे. तुम्ही पहिल्या दिवशी कट्ट्यावर हेच म्हणला होता, "रस्ता तेवढाच हाय गं, पाय बी तेच, आकडा तेवढा बदलला." तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

तुम्ही माझ्यासाठी तुमच्या किती सकाळी घालवल्या ते मी मोजलंय, सहा. मुलगी नाही, नात्यातली नाही, मैदानावरची एक बाई, तिच्यासाठी सहा सकाळी. मनापासून आभार काका. काकूंना पण नमस्कार सांगा, त्यांचा चहा सहा दिवस गार झाला असणार.

रविवारी शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणतेय, माझ्या आईच्या हातची, नाही म्हणायचं नाही. आणि तुमच्या जुन्या घड्याळाचा पट्टा तुटायला आलाय तो मी बघितलाय, माप सांगा, नवी पेठेत बघून येते.

तुमची,
मैदानावरची पोरगी