जत्रेतल्या गोंदणालाही नियमात घ्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : टॅटू स्टुडिओ आणि जत्रेतले गोंदण या दोहोंसाठी एकच स्वच्छता-नियमावली करण्याबाबत

महोदय,

टॅटूच्या धंद्याला नियम हवेत ही मागणी आता जोर धरते आहे आणि ती रास्तच आहे. कर्नाटकच्या आरोग्य विभागाने २०२५ मध्ये टॅटूच्या शाईत जड धातू आढळल्याचे सांगून केंद्राकडे नियम मागितले. आपल्याकडेही आज ना उद्या मसुदा तयार होईल. तो कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जाईल, याची आम्हा टॅटू-गोंदण कारागिरांना आणि त्वचारोग क्षेत्रातल्या आमच्या सहकाऱ्यांना काळजी आहे. वांद्रे किंवा कोरेगाव पार्कातला स्टुडिओ समोर ठेवला, तर तो स्टुडिओ परवाना काढेल, भिंतीवर लावेल आणि काम चालू ठेवेल. जेजुरीच्या पायथ्याशी किंवा माळेगावच्या यात्रेत पोते पसरून बसणारी गोंदणारी मात्र त्याच नियमाने बेकायदा ठरेल. तिला एका जागेवरून उठवले की ती दुसरीकडे बसेल, आणि तीच सुई दिवसभर चालत राहील. ज्या गिऱ्हाइकाला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे, तेच नियमाबाहेर राहील.

वैद्यकीयदृष्ट्या या दोन कामांत काहीही फरक नाही. दोन्हींत सुई कातडीत एक ते दोन मिलिमीटर जाते, वरचा थर ओलांडून खालच्या थरात रंगाचे कण सोडते आणि ते तिथे कायमचे राहतात. आजीच्या हातावरचे गोंदण हिरवट-निळे दिसते, तोही बहुतेक वेळा काळा कार्बनच असतो; कातडीखाली खोल गेलेला काळा रंग वरून निळसर भासतो. काजळीचे गोंदण आणि महागड्या बाटलीतली काळी शाई यांचा मूळ पदार्थ एकच.

फरक आहे तो लोकांच्या नजरेत. मनगटावरची तुळस, हनुवटीवरचा ठिपका, कपाळावरची टिकली घरोघर असायची. दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे म्हणत बायका हात पुढे करायच्या. नंतर मुली शिकल्या, शहरात आल्या, आणि तीच नक्षी अडाणीपणाची खूण मानली जाऊ लागली. आता चाक फिरले आहे. बँकेतली, आयटीतली मुले दंडावर, पोटरीवर टॅटू काढतात, इंचाला पाचशे-हजार रुपये मोजतात आणि घरचेही फारसे काही म्हणत नाहीत. ही मोकळीक सगळ्यांच्या वाट्याला आलेली नाही. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराच्या हातावर आईचे नाव दिसले की लोक त्याला छपरी म्हणून मोकळे होतात. तेच नाव सुबक अक्षरांत, एसीच्या खोलीत काढलेले असले की त्यात मायेचा ओलावा दिसतो. आम्ही दोन्ही प्रकारचे हात रोज पाहतो. त्या पोराने आईवर कमी प्रेम केलेले नसते. त्याच्याकडे शंभर रुपये होते, एवढेच. तुमच्या मसुद्यात ही नजर शिरू नये, ही आमची पहिली विनंती. रक्तपेढीचा नियम या बाबतीत चांगला नमुना आहे : टॅटू कुठेही काढलेला असो, १२ महिने रक्तदान नाही. सुई कुठल्या दुकानातली होती, हे तिथे कोणी विचारत नाही.

आता नेमके काय बिघडते ते सांगतो. जत्रेतल्या साध्या यंत्रात छोटी मोटर, बॅटरी आणि दोऱ्याने किंवा तारेने घट्ट बांधलेली सुई असते. शाई बाटलीच्या झाकणात ओतलेली असते. शेजारी पाण्याचा डबा, त्यात जंतुनाशकाचे चार थेंब, आणि एक फडके. एकाचे नाव गोंदून झाले की सुई पाण्यात खळबळून फडक्याने पुसली जाते आणि पुढचा हात धरला जातो. सुई बदलली पाहिजे हे कोणालाही कळते, पण इथे सुई बदलून भागत नाही. नवी सुई त्याच झाकणात बुडते, तेव्हा आधीच्या माणसाचे रक्त शाईतून पुढे जाते. फडके तेच. मोटरचे तोंड तेच. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत टिकतो, म्हणजे गेल्या आठवड्याच्या बाजारातले रक्त या आठवड्याच्या बाजारात आजार देऊ शकते. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोकाही याच वाटेने येतो. पाण्यातल्या चार थेंबांनी हे विषाणू मरत नाहीत. सुई मेणबत्तीवर धरण्याची पद्धतही पुरेशी नाही : टोक तापते, पण दोन-तीन सुया एकत्र बांधलेल्या असतील तर मधल्या फटीतले वाळलेले रक्त तसेच राहते.

स्टुडिओंतही सगळे आलबेल असते असे समजू नका. तिथे चुका वेगळ्या होतात. हातमोजे घालून काम करताना फोन उचलला जातो, शाईच्या बाटलीचे तोंड धरले जाते, तेच मोजे पुन्हा जखमेवर येतात. निळ्या दिव्याच्या यूव्ही कपाटात ठेवलेले साहित्य निर्जंतुक झाले असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. त्या दिव्याने फार तर वरचा पृष्ठभाग साफ होतो, नळीच्या आत काहीच पोहोचत नाही. ध्वनिलहरींनी साफसफाई करणारे अल्ट्रासॉनिक यंत्र घाण सोडवते, जंतू मारत नाही. स्टीलच्या नळ्या आणि मुठी पुन्हा वापरायच्या असतील तर ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही : पाकिटात बंद केलेले साहित्य १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली, ३० मिनिटे. पाकिटावरची पट्टी रंग बदलते तेव्हा ती फक्त उष्णता लागल्याचे सांगते. जंतू खरोखर मेले का, हे पाहायला आठवड्यातून एकदा बीजाणूंची (उष्णतेला चिवट जंतूंची) चाचणी-पट्टी आत ठेवून प्रयोगशाळेत तपासावी लागते. ही चाचणी नियमात लिहिली नाही, तर ऑटोक्लेव्ह शोभेचा होऊन बसेल.

पाण्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण शिकलेले कलाकारही इथे चुकतात. राखाडी छटेसाठी काळी शाई पातळ करतात. नळाचे पाणी किंवा बाटलीबंद पिण्याचे पाणी वापरले तर त्यातले जंतू थेट कातडीच्या आत जातात. डिस्टिल्ड पाणी शुद्ध असते, पण निर्जंतुक असेलच असे नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात २०११ मध्ये आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईमुळे १९ जणांच्या टॅटूवर चिवट पुरळ आले. क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद त्यात सापडला. असे पुरळ साध्या अँटिबायोटिकने हटत नाही, काही महिने औषधे घ्यावी लागतात. म्हणून नियमात एकच वाक्य हवे : पातळ करायला फक्त सलाइनची किंवा इंजेक्शनच्या पाण्याची सीलबंद कुपी, आणि उघडलेली कुपी त्याच गिऱ्हाइकापुरती.

जत्रेसाठी उपाय अवघड नाही. एका गिऱ्हाइकासाठी लागते ते एवढेच : सीलबंद सुई एक, शाईची प्लॅस्टिक वाटी एक, हातमोज्यांची जोडी, वापरून फेकायचे रेझर, दोन स्पिरिटचे बोळे, पाच-सहा टिश्यू. नाव किंवा छोटी नक्षी अर्ध्या मिलिलिटर शाईतही होऊन जाते. वाटीत उरेल ती टाकून द्यायची, बाटलीत परत ओतायची नाही. यंत्र बदलावे लागेल, कारण दोऱ्याने बांधायची सुई सीलबंद मिळत नाही. पेनासारखे चार्जिंगचे यंत्र घेतले की त्यात काडतुसासारखी सुई (कार्ट्रिज) बसते. तिच्या आत रबराचा पडदा असतो, तो रक्त आणि शाई वर मोटरपर्यंत चढू देत नाही. पडदा नसलेली स्वस्त काडतुसे बाजारात आहेत, ती खरेदीच्या यादीतून वगळा. घाऊक बाजारात काडतूस २० ते ५० रुपयांना पडते. पन्नास-शंभर रुपयांत नाव गोंदणाऱ्या बाईला हा खर्च झेपणार नाही, म्हणून किट सवलतीत द्यावे लागेल. तुमच्या खात्याला हे नवे नाही. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना नवी सुई देऊन जुनी परत घेण्याचा कार्यक्रम राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना चालवते. त्यांना जे देता येते, ते प्रामाणिक कामावर पोट भरणाऱ्या बाईला देता येऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. पंढरपूरच्या वारीत खात्याचे तात्पुरते दवाखाने असतातच. त्यातल्याच एका टेबलावर सकाळी २० किटे द्यावीत, संध्याकाळी २० वापरलेल्या सुया मोजून घ्याव्यात. मोजणी जुळली की दुसऱ्या दिवसाची किटे.

त्या सुया जायच्या कुठे, हा प्रश्न आज अनुत्तरित आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या आहेत. टॅटूचे नाव नाही. त्यामुळे चांगल्या स्टुडिओलाही आपल्या सुया देण्यासाठी कचरा-प्रक्रिया केंद्राकडे सभासदत्व मागावे लागते, आणि काहींच्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात जातात. त्या सफाई कामगाराच्या हाताला टोचतात. सुयांसाठी पांढरी, पारदर्शक, न टोचली जाणारी पेटी आणि रक्ताळलेल्या टिश्यूंसाठी पिवळी पिशवी, हा रुग्णालयांचाच नियम आम्हालाही लावा.

नोंदणीसाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला फक्त सूचना द्यावी लागते, त्यामुळे बहुतेक स्टुडिओंकडे तपासणीसाठी कोणी येतच नाही. दुसरीकडे, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणाराही पथविक्रेता धरला आहे. म्हणजे गोंदणारी त्या व्याख्येत बसते, पण ती एका गावची नसल्याने कोणत्याच नगरपालिकेच्या यादीत तिचे नाव येत नाही. तिला राज्यभर चालेल असे एकच ओळखपत्र द्या, फोटो आणि क्रमांकासह. प्रशिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रात, एका दिवसाचे, हाताने करून दाखवायचे. लेखी परीक्षा ठेवलीत तर ज्यांना आत आणायचे तेच बाहेर राहतील. त्याच दिवशी हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोस द्या, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. ओळखपत्रावर तीन रकाने छापले तर पुढचा डोस ती ज्या गावात असेल तिथल्या केंद्रात घेऊ शकेल. लस आज बाळांना मिळते. रोज रक्ताशी काम करणाऱ्या या बायकांना विचारणारे कोणी नाही.

वयाचे बंधन हवे : १८ वर्षांखाली कायमचे नाव किंवा चित्र नाही, स्टुडिओत नाही आणि जत्रेतही नाही. यामागे भरतीचा प्रश्न आहे, आणि त्याची झळ गावातल्या पोरांनाच बसते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत टॅटू चालतो तो डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, कारण सलाम उजव्या हाताने होतो. आकार त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी, आणि मजकूर धार्मिक चिन्ह किंवा नाव. सैन्यात कोपर ते मनगट आतली बाजू आणि पंजाची पाठ चालते. अनुसूचित जमातींच्या रूढीच्या गोंदणाला तिथे सवलत आहे. पंधराव्या वर्षी जत्रेत उजवा हात पुढे करणाऱ्या मुलाला यातले काही ठाऊक नसते. त्याला ते वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर कळते. मग घाईने चुना, सोडा, अॅसिड लावले जाते आणि टॅटूच्या जागी जाड व्रण राहतो, तो आणखी वाईट.

लेझरने गोंदण जाते, पण त्याला वेळ लागतो. काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटरचे क्यू-स्विच्ड (प्रकाशाचे अतिशय छोटे झटके देणारे) लेझर चांगले काम करते. साधे कार्बनचे गोंदण बहुधा चार ते सहा बैठकांत फिके होते, व्यावसायिक रंगीत टॅटूला त्याहून जास्त लागतात. दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात, कारण फुटलेले रंगकण शरीरालाच वाहून न्यायचे असतात. म्हणजे चार ते नऊ महिने हवेत. घाईने ऊर्जा वाढवली तर आपल्या सावळ्या कातडीवर पांढरे डाग पडतात, काही वेळा ते कायम राहतात. लाल रंगासाठी ५३२ नॅनोमीटर वापरावे लागते, त्यात हा धोका जास्त. वैद्यकीय शिक्षण विभागाशी बोलून शासकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत भरतीच्या उमेदवारांसाठी ही सोय कमी दरात करा, आणि दहावी-बारावीच्या शाळांत, भरती अकादमींत एक साधा तक्ता लावा : कोणता हात, कोणती बाजू, केवढा आकार. डाव्या-उजव्या हाताचा नियम मुळातच सैल व्हावा असे आम्हाला वाटते. राज्याने केंद्राकडे तसे लिहावे. अनुसूचित जमातींच्या रूढीला सैन्यात मिळणारी सवलत धनगर-वंजारी वाडीतल्या किंवा भटक्या पालावरच्या मुलाला मिळत नाही, आणि गोंदणाची रूढी त्याच्याही घरात आहे.

शाईबद्दल थोडक्यात. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे तशी यादी होईपर्यंत एवढे तरी बंधनकारक करा : बाटलीवर घटक, बॅच क्रमांक, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि मुदत, आणि कलाकाराने गिऱ्हाइकाला द्यायच्या चिठ्ठीवर बॅच क्रमांक. पुरळ उठले तर त्वचारोगतज्ज्ञाला शोध घ्यायला त्या क्रमांकाचाच आधार असतो.

मसुदा समितीत स्टुडिओवाले आपोआप येतील, त्यांना ईमेल करता येतो. गोंदणाऱ्या बायका तशा येणार नाहीत. त्यांच्यापैकी किमान दोघींना प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई देऊन बैठकीला बोलवा. बैठक यात्रांच्या दिवसांत ठेवू नका; पौष-माघात त्या कुठे ना कुठे बसलेल्या असतात, आषाढी वारी सोडून पावसाळ्यात मोकळ्या सापडतील. किटचा नमुना आणि पेन-यंत्रे घेऊन आम्ही त्या बैठकीला येऊ, आणि पहिल्या प्रशिक्षणाला शिकवायलाही.

कळावे,

आपले,
टॅटू व गोंदण व्यवसायातले कारागीर आणि त्वचारोग क्षेत्रातले त्यांचे सहकारी