मिस्त्रीकाका, तुमचा डिसमिस माझ्याकडेच आहे

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही, ते मला माहीत आहे. नातू वाचून दाखवील, तेव्हा तुम्ही मान खाली घालून विडी शोधाल. तरी उघड लिहिते आहे. कारण त्या दिवशी मी तुम्हाला चार पोरांसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर आणि चहावाल्यासमोर नको ते बोलले. शिव्या चारचौघांत आणि आभार कानात, असं बरं दिसत नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मिस्त्रीकाका गाड्यांच्या पत्र्याचं काम करतात. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 1967 ची फियाट 1100 डिलाइट, कुर्ल्याच्या कारखान्यातली. अण्णांनी ती 1979 मध्ये जुनी म्हणूनच घेतली, आणि 1983 मध्ये त्यांच्या अंगात आलं. स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली जमिनीवर आणला. बाजूच्या क्रोमच्या पट्ट्या उपटून टाकल्या. मागच्या चाकांना रुंद टायर घातले आणि ते झाकायला मडगार्डांना बाहेर कमान काढली. वर गडद हिरवा रंग. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमची गाडी ‘बेडूक’ म्हणून ओळखली जायची. अण्णा कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले, तिथला मी, हे ते कुणालाही ऐकवत. त्यामुळे त्यांनी केलेल्या कामावर घरात कुणी बोट ठेवलं नाही.

पुढे आम्ही कारेलीबागेत राहायला आलो, अण्णा गेले, गाडी माझ्याकडे राहिली. 31 जुलै 2019 ला वडोदऱ्यात एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस झाला, तेव्हा ती पहिल्यांदा बुडाली. पाणी ओसरल्यावर, 2020 मध्ये, मी ती एका गॅरेजला दिली. कुठल्या, ते लिहीत नाही. भाचीचं लग्न तोंडावर होतं आणि मीच त्यांना सांगितलं होतं, “तारखेला गाडी चमकली पाहिजे.” तारखेला चमकली. फोटो सुंदर आले.

मग 2024 च्या ऑगस्टअखेर आमची मगरींची विश्वामित्री नदी पुन्हा घरात आली. या वेळी पाणी दाराच्या हँडलखाली चार बोटं. दिवाळीनंतर मागच्या मडगार्डावर मसुराएवढे फोड दिसले, म्हणून मी ‘जरा टच-अप’ करायला तुमच्याकडे आणली. तुम्ही रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलंत आणि गाडीभोवती फिरायला लागलात. बोनेटवर चिकटलं, छपरावर चिकटलं, मडगार्डावरून मात्र पालीसारखं घसरून पडलं. मग बोटाच्या पेरानं ठोकत गेलात. एका ठिकाणी टण, दुसऱ्या ठिकाणी भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा ठप्प.

“ताई, रंग मारून देतो. चालेल, पण टकणार नाही.”

(पुण्याच्या वाचकांसाठी: टकणे म्हणजे टिकणे. आमच्या बडोद्याच्या मराठीला गुजरातीचा हा गंज नाही, वंगण आहे.)

मी म्हटलं, बघा काय ते. आठ दिवसांनी आले तर मडगार्डाला हात जाईल एवढं भगदाड, दाराखाली तीन भोकं आणि जमिनीवर हिरव्या रंगाचे, पांढऱ्या लांबीचे, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचे, ढीग. तेव्हा मी बोलले. “धडधाकट गाडी दिली होती, तुम्ही भोकं पाडून बिल वाढवताय.” आणखीही बोलले, ते इथे नको.

तुम्ही वाद घातला नाहीत. पिवळ्या मुठीचा डिसमिस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “उजव्या बाजूला मी हात लावलेला नाही. तुम्हीच टोचा.”

मी टोचलं. खरं म्हणजे टोचलंच नाही, नुसतं टेकवलं, आणि डिसमिस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकावर ओला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तांबडा गाळ. वरचा हिरवा रंग अजून आरशासारखा चमकत होता, त्यात माझं तोंड दिसत होतं. वरून कीर्तन आतून तमाशा, ही म्हण मी पन्नास वर्षं माणसांसाठी वापरली. मडगार्डासाठी पहिल्यांदाच सुचली.

काका, तुम्ही मला नुसतं समजावून सांगितलं असतंत तर मी विश्वास ठेवला नसता. म्हणून त्या डिसमिसाचे आभार आधी.

मग तुम्ही मला स्टुलावर बसवून एकेक थर दाखवलात. रंग, त्याखाली 2020 चा सरफेसर (रंगाआधीचं अस्तर), त्याखाली लांबी. तुमच्या पट्टीवर 14 मिलिमीटर भरली. दोन-तीन मिलिमीटरच्या वर लांबी म्हणजे बेइमानी, असं तुम्ही म्हणालात. ती पाणी पिते, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, सिमेंटसारखी घट्ट असते. तिच्या बारीक छिद्रांतून ओल आत जाते, पत्र्यापाशी पोचते आणि तिथून हलत नाही. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो वरच्या लांबीला उचलतो. माझे मसुराएवढे फोड म्हणजे तो होता.

लांबीखाली तेलाच्या डब्याचा पत्रा निघाला. पॉप रिव्हेटनं ठोकलेला, आणि त्याच्या आतल्या अंगाला अजून ‘शुद्ध शेंगदाणा’ एवढी गुजराती अक्षरं शाबूत. तुम्ही रिव्हेटांची रांग बघितलीत. सगळी एकसारख्या अंतरावर, पेन्सिलीच्या खुणा करून मारलेली. “हे गॅरेजवाल्याचं काम नाही,” एवढंच बोललात. मी गप्प. कलाभवन आठवलं. क्रोमच्या पट्ट्यांची भोकं अण्णांनी वेल्डिंग न करता नुसती लांबीनं बुजवलेली होती, हेही त्याच दिवशी दिसलं. चाळीस वर्षं त्या भोकांतून दाराच्या आत पाणी झिरपत होतं. म्हणजे रोगाची सुरुवात आमच्याच अंगणात झाली, आणि 2020 च्या गॅरेजनं तो माझ्याच हुकुमानं झाकला. हे तुम्ही एकदाही तोंडातून काढलं नाहीत. माझ्या भावानं मात्र पुण्याहून फोनवर लगेच काढलं.

दाराखालची पोकळ पेटी कापली तो दिवस मी कामावरून रजा घेऊन बघितला. त्यात विश्वामित्रीचा करडा गाळ, स्पष्ट दोन थर, 2019 चा दगडासारखा वाळलेला आणि वरचा 2024 चा अजून दमट. वर्तमानपत्रांचे बोळे, गोणपाटाचा तुकडा. मगरीचं पिल्लू तेवढं निघालं नाही. खरी गोष्ट तुम्ही खाली वाकून दाखवलीत: पेटीच्या तळाला कारखान्यानंच ठेवलेली छोटी भोकं असतात, आत आलेलं पाणी निथळून जायला. मागच्या वेळी गाडीला ‘संरक्षण’ म्हणून खालून डांबरी थर मारला, त्यात ती भोकं बुजली. पाणी आत यायला वाटा शंभर आणि जायला एकही नाही. त्या थराचे मी वेगळे पैसे मोजले होते.

पेटी कापण्याआधी तुम्ही दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे वेल्ड केलेत, तेव्हा मला वाटलं, हा काय नवा खर्च. तुम्ही खाटल्याचं उदाहरण दिलंत. या गाडीला खाली वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, आणि ही पेटी म्हणजे खाटल्याची ईस, बाजूचं लांब लाकूड. आधार न देता ईस कापली तर खाटला मधून वाकणार, मग दारं आयुष्यात बसणार नाहीत. वर म्हणालात, अँबेसिडर असती तर इतकी नाजूक नसती. त्यावरून आपलं भांडण झालं ते निराळं. अँबेसिडरची कंपनी 1942 मध्ये ओख्याला, म्हणजे आपल्या गायकवाडांच्याच मुलखात सुरू झाली, हा तुमचा हुकमी पत्ता. आता ऐका: अँबेसिडरलासुद्धा वेगळी चासी नसते. त्या दिवशी मला माहीत नव्हतं, म्हणून सुटलात.

नवा पत्रा तुम्ही 20 गेजचा सीआर, म्हणजे थंड लाटलेला, घातलात. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा लाटेसारखा होतो म्हणून सीओटू वेल्डिंग, आणि तेही सलग नाही. इथे एक टाका, हातभर लांब दुसरा, मधे पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. गोधडी घालणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. पोरगा घाई करायला लागला की तुम्ही त्याला चहा आणायला पाठवायचात. त्या दोन महिन्यांत गॅरेजमध्ये फार चहा झाला.

चौमाशात तुम्ही काम जवळपास थांबवलंत. मी कुरकुर केली. तुम्ही घासून उघडा केलेला पत्र्याचा एक तुकडा संध्याकाळी माझ्यासमोर बाकावर ठेवलात आणि सकाळी फोटो पाठवायला नातवाला सांगितलंत. एका रात्रीत त्यावर केशरी धूळ. म्हणून एका वेळी एकच भाग उघडायचा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरनं बंद करायचा, मग लांबी त्याच्यावर, उघड्या पत्र्यावर कधीच नाही.

आता मडगार्डाच्या कमानीबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. जुना पत्रा काढून टाकायच्या आधी तुम्ही विचारलंत, “मूळ फियाट करू की अण्णांची?” मी भावाला विचारलं. त्याचं म्हणणं, मूळ कर. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, पण बॉडी, चासी, इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा तो मोठा मेळा भरला होता, तसल्या ठिकाणी मूळ रूपातल्या गाडीला मान. किंमतही तिलाच. त्याचं सगळं बरोबर होतं. शिवाय व्हिंटेज नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही, हेही त्यानंच सांगितलं, आणि तिथेच माझं मन फिरलं. मला ती खंडेराव मार्केटला भाजी आणायला न्यायची आहे.

मी “अण्णांची” म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात, आणि मग कळलं की तुम्ही आधीच खोक्याचे पुठ्ठे कापून दोन्ही कमानींचे साचे काढून ठेवले होते, लांबी फोडण्याच्या आधीच. डावी कमान उजवीपेक्षा बोटभर फुगीर होती. पेन्सिलीच्या खुणा करणाऱ्या माणसाची ही चूक. सारख्या करू का, असं विचारलंत, मी नको म्हटलं. तुम्ही पोत्यात वाळू भरून त्यावर पत्रा ठोकलात, साचा लावलात, पुन्हा ठोकलात. डावीचे अकरा दिवस लागले. वाकडी गोष्ट मुद्दाम वाकडी करायला सरळपेक्षा जास्त मेहनत पडते, असं तुम्ही वैतागून म्हणालात, आणि बिलात त्या अकरा दिवसांचे पैसे धरले नाहीत. मी दोनदा विचारलं. तुम्ही दोनदा गाडीखाली गेलात.

गाडी दसऱ्याला मिळाली. सगळं झालंय असं तुम्ही सांगितलं नाहीत, हेही लिहायला हवं. छपराच्या पन्हाळीचा सांधा तुम्ही उघडलेला नाही, तो दोन वर्षांनी बघावा लागेल. मागचं डावं दार अजून जोरात लावावं लागतं. पेट्यांच्या आत मेण फवारलंय, ते पुन्हा मारायचं. आणि खालची भोकं दर पावसाळ्याआधी सायकलच्या तारेनं मोकळी करायची, हे काम तुम्ही मला दिलंत. तार गाडीतच ठेवली आहे.

तेलाच्या डब्याचा पत्रा तुम्ही भंगारात न देता तेल लावून कागदात गुंडाळून दिलात. भावाला फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग एवढंच आलं: “रिव्हेट मीच धरले होते. सातवीत होतो.”

डिसमिस परत करायचा राहिलाय. तो डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे आणि मी तो देणार नाही, त्याच्या बदल्यात नवा आणून देईन. गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांनी हौसेनं एक जुनी जीप घेतली, नवाकोरा लाल रंग. पेढे द्यायला बोलावलं. मी पेढा घेतला आणि डिसमिस घेऊन खाली गेले. ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी जीप तुमच्याकडे येते आहे. चहा त्यांना आधी द्या, लोहचुंबक नंतर काढा.

तुमची,
बेडूकवाली ताई
कारेलीबाग, वडोदरा