डॉक्टर मॅडम, तिथे उजेड बरा नव्हता

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ह्यांना किडनी बसवली दुसऱ्या डॉक्टरांनी, दिली मी, आणि आभाराचं पत्र मात्र त्याआधी वजन उतरवायचं ऑपरेशन करणाऱ्या तुम्हाला, म्हणून आमची मुलगी हसतेय. हसू दे. तुम्ही नसतात तर त्या टेबलापर्यंत आम्ही दोघं पोचलोच नसतो.

ह्यांचं वजन तेव्हा १३२ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४६ च्या पुढे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. माझा रक्तगट जुळत होता, तपासण्या चांगल्या आल्या होत्या, शिवाय बायको म्हणजे कायद्यानं जवळची नातेवाईक. घरात किडनी तयार, आणि सगळं अडलेलं वजनापाशी. तुमच्या आधी ज्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फाइल उघडली, पहिलं पान बघून मिटली. "आधी तीस-चाळीस किलो उतरवा, मग बोलू."

नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. इतक्या जाड पोटावरची जखम लवकर भरत नाही, त्यात पू होण्याची भीती असते, नवी किडनी चालू व्हायला वेळ लागू शकतो, हे पुढे तुम्हीच समजावलंत. माझा राग त्याचा नाही. उतरवायचं कसं विचारलं, तर म्हणाले, "तोंडावर ताबा ठेवा." डायलिसिसवरच्या माणसाला! पोटॅशियममुळे फळं जवळजवळ बंद, फॉस्फरसमुळे दूध मोजून, नारळपाणी वर्ज्य, पाणी लिटरच्या आत. मशीनवरून उठल्यावर जिना चढायचं त्राण नसायचं, फिरायला कुठून जाणार? दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात दोन-तीन किलो नुसतं पाणी साठतं. काट्यावर तेही वजनच, आणि त्याचीही बोलणी ह्यांनाच. नातेवाइकांचं तर विचारूच नका. 'सकाळी लिंबूपाणी घ्या' सांगणाऱ्यांची आमच्या सांगलीत काही कमी नाही.

म्हणून तुमच्या केबिनमध्ये आलो तेव्हा फारशी आशा नव्हती. हे नेहमीसारखे उभेच राहिले. समोरच्या खुर्च्यांना हात होते, आणि तसल्या खुर्चीत हे मावत नसत. मागे एका ओपीडीत उठताना खुर्ची बरोबरच उठली होती, बाहेरची माणसं हसली होती. तेव्हापासून "उभाच बरा आहे" हे ह्यांचं ठरलेलं वाक्य, आणि कुणी त्यापुढे विचारलंही नाही. तुम्ही एकदा खुर्चीकडे पाहिलंत, एकदा ह्यांच्याकडे. फाइल घेऊन उठलात, तपासणीच्या पलंगावर जाऊन बसलात आणि शेजारची जागा हातानं थोपटलीत. "या, इथे उजेड बरा आहे."

उजेड तिथे काही बरा नव्हता, मॅडम. ट्यूबलाइट तुमच्या टेबलावर होती.

हे बसले. दोघंही पाय लोंबकळत सोडून शेजारी शेजारी, आणि मी समोर खुर्चीत. तिथेच तुम्ही कागदाच्या पाठीवर जठर काढलंत, त्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग रेघ मारून वेगळा केलात. जठराचा बायपास का नको, तर आतड्याचा रस्ता बदलला की पुढे जन्मभर घ्यायची टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी, अंगात नीट शोषली जाईल याचा भरवसा राहत नाही, शिवाय ऑक्झलेट हा खडे करणारा क्षार वाढून नव्या किडनीलाच धोका. म्हणून स्लीव्ह, म्हणजे जठरच कापून लहान करायचं. हे मध्येच प्रश्न विचारायला लागले. दवाखान्यात ह्यांना प्रश्न विचारताना मी कितीतरी दिवसांनी बघत होते. तोवर सगळीकडे मीच बोलायची.

ऑपरेशनचं फार सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे. भीती होती, खर्चही होता. बाकीच्यांना नंतर दिवसभर घोट घोट पाणी प्यायला सांगतात, ह्यांना तर पाण्याचंच बंधन; ते गणित तुम्ही आमच्या किडनीच्या डॉक्टरांशी बोलून बसवलंत, हे आम्हाला नंतर कळलं. वर्षभरात काटा ९४ वर आला. मग ट्रान्सप्लान्ट. दुसऱ्या दिवशी नर्सनं युरिनची पिशवी वर धरून दाखवली तर हे रडायलाच लागले. ज्याची लघवी बंद होती त्यालाच त्या पिशवीची किंमत कळेल.

तुमच्याकडे दुसऱ्या खेपेला आलो तेव्हा केबिनमध्ये बिनहाताचं रुंद बाकडं होतं. मावशी म्हणाल्या, मॅडमनी मागवलं. लॉबीत संगमरवर आणि कारंजं असलेली हॉस्पिटलं आम्ही पाहिली, तिथे हे एक बाकडं कुणाला सुचलं नव्हतं. त्याला पैसे लागत नाहीत, समोरच्या माणसाकडे बघावं लागतं. तसं बघणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं. वॉर्डातले मामा, रात्रपाळीच्या सिस्टर, सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.

पुढच्या महिन्यात फॉलोअपला पुण्याला येतोय. तासगावचे बेदाणे आणतेय, यंदाचे. ह्यांना अजून पोटॅशियम बघून खायचंय, त्यामुळे घरात खाणारं कुणी नाही. तेव्हा नको म्हणायचं नाही.

तुमची,
सांगलीची पेशंटची बायको (आणि आता स्वतःही पेशंट)