नाल्याअलीकडची जागा

जर्सी सिटी, न्यू जर्सी

ती. दादास,
सा. न.

गावातल्या निराधार म्हाताऱ्यांच्या खोल्यांचा तुझा नकाशा पाहिला. नाल्यापलीकडच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या जागेवर आठ खोल्या, वर टिनं. राग मानू नको, पण तिथं एकही म्हातारी टिकणार नाही. पावसाळ्यात नाला भरला की किराणा, देऊळ, दवाखाना सगळं अलीकडे. आणि मे महिन्यात त्या टिनाखाली तूच एक दुपार काढून दाखव! कवेलू टाक. पुढे लांब छपरी काढ, म्हणजे बाया बसतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकतील.

मी काम करते ती इमारत ६२ वर्षांवरच्या गरिबांसाठी आहे. १९५९ पासूनची सरकारी योजना, सेक्शन २०२ म्हणतात. भाडं ज्याच्या-त्याच्या मिळकतीवर, साधारण ३० टक्के. तोच हिशेब आपल्याकडे लावला तर श्रावणबाळ योजनेच्या महिन्याच्या १५०० रुपये पेन्शनमधून ४५० जातील. मला तर तेही जास्त वाटतात. गोळ्या-औषधं कशातून आणायची?

माझा अर्धा दिवस इथल्या म्हाताऱ्यांचे फॉर्म भरण्यात जातो. सकाळी एखादं दार उघडलं नाही तर ते वाजवायचं, हेही माझंच काम. तुझ्या नकाशात असं माणूस कुठंच नाही. बँकेत अंगठा लागत नाही म्हणून मोठी आई दोनदा परत आली, तूच सांगितलंस. जन्मभर कापूस वेचला, बोटांवर रेषा राहतील कशा? तिच्यासोबत जाणारं कुणी आधी शोध. आशाताईवर ढकलू नको, तिला आधीच कमी कामं नाहीत.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला निदान दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम लिहिला आहे. पण मोठ्या आईला यवतमाळला नेतो म्हणून पाहा, दोन दिवस जेवणार नाही. तिला आपली चूल पाहिजे अन् सांजचं भजन. म्हणून गावातच खोल्या बांधायचं तुझं मला पटलं.

संडासाला उंबरठा नको. भिंतीला लोखंडी दांडा लाव, दार एवढं रुंद ठेव की दोघींना मिळून तिसरीला धरून आत नेता येईल.

ग्रामसभेआधी गावठाणातल्या मोकळ्या जागेवर चुन्यानं एक खोली आख. मोठ्या आईला खाट टाकून बसव, दार कुणीकडे पाहिजे ते तिलाच विचार. फोटो पाठव. खोल्यांना मी पैसे देणार नाही, ते पंचायतीनं पाहावं. त्या सोबतीच्या माणसाच्या पगाराला दर महिन्याला पाच हजार पाठवीन.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
बेबी