शुल्क गेले, कुळाची धास्ती कायम

शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय (मे २०२५) चांगलाच आहे. पण गावोगावची अडचण निराळी आहे. सातबाऱ्यावर पंचाहत्तरीचे वडील, मुले पुण्या-मुंबईत, औत धरायला घरात कोणी नाही. रान बटाईने द्यायचे तर तोंडीच, कारण १९४८च्या कूळ कायद्याने कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवरच हक्क सांगेल, ही धास्ती अजून गेलेली नाही. कागद नसल्याने बटाईदाराला पीककर्ज मिळणे कठीण. अतिवृष्टीची भरपाई (आलीच तर) मालकाच्या खात्यात. नीती आयोगाने २०१६ मध्येच शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला होता. मालकी अबाधित राखून लेखी करार करता येईल, अशी तरतूद राज्याने आता तरी करावी.

– एक वाचक, बार्शी